टोकाच्या तारेवर नजर कोणाची?

वळवाचा वारा सुटला की आपल्याकडे कैऱ्यांचा सडा पडतो आणि कुठे ना कुठे ११ केव्हीची तार तुटते. तार भिजलेल्या काळ्या रानात पडली तर बहुधा उपकेंद्रात ब्रेकर पडतो, लाईन बंद होते. पण तीच तार कोरड्या मुरमावर, खडकावर पडली तर? जमिनीत जाणारा करंट इतका थोडा, की उपकेंद्रातल्या रिलेला वाटते कुणी एखादी मोटार चालू केली असेल. लाईन चालूच राहते. मग पहाटे दारं धरायला निघालेला माणूस, नाहीतर चरायला सोडलेली बैलजोडी त्या तारेपर्यंत पोचते. पंचनाम्याला तलाठी येतात, पोलीस येतात. तार नेमकी किती वाजता तुटली, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

हे सांगू शकणारे यंत्र जगात आहे, आणि त्यामागे एका मराठी माणसाचे डोके आहे. खरगपूरच्या आयआयटीतून शिकून अमेरिकेत गेलेले अरुण फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांच्या कामातून १९८८ मध्ये व्हर्जिनियात पहिले फेझर मापन यंत्र तयार झाले. नाव अवघड आहे, तत्त्व आपल्या पाटकऱ्यालाही ठाऊक आहे. नाथसागराच्या डाव्या कालव्याचे गेज मुखाशी सकाळी सहाला वाचले आणि टेलला दुपारी बाराला. मधल्या वेळात दोन गेट उघडली गेली. पाणी कुठे गेले हे कोण सांगणार? दोन्ही गेज एकाच क्षणी वाचले तरच हिशेब लागतो. विजेची लाट सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. दोन ठिकाणची लाट एकमेकींच्या किती मागेपुढे आहे यावरून वीज कुठून कुठे वाहते ते कळते. पाण्याला जसा उतार, तसा विजेला हा फरक. तो मोजायचा तर दोन्हीकडचे घड्याळ एकच हवे. हे यंत्र वेळ घेते उपग्रहाकडून, म्हणजे जीपीएसवरून, आणि ती सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत बरोबर असते.

आपल्या देशाला याची गरज कळली ती दणका बसल्यावर. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेची ग्रीड कोसळली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. जवळजवळ ६० कोटी लोकांना झळ बसली, महाराष्ट्र बचावला. पुढे पॉवरग्रीडने देशभरच्या अतिउच्चदाब उपकेंद्रांत ही यंत्रे मोठ्या संख्येने बसवली. ती सेकंदाला २५ नोंदी पाठवतात. म्हणजे ४०० केव्हीच्या मनोऱ्यावर काय चालले आहे ते नियंत्रण केंद्रात जवळपास त्याच क्षणी दिसते, आणि आमच्या गावच्या शेवटच्या डीपीवर एक फेज गेला हे कळवायला मात्र शेतकऱ्यालाच फोन करावा लागतो. तोही रेंज असेल तर.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या वीज कंपनीने हे तंत्र खालच्या लाईनवर आणले. फीडरच्या सुरुवातीला आणि टोकाकडे यंत्रे बसवली. तार तुटताच तुटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब एकदम वेगळा होतो. तो फरक टिपून तार जमिनीवर टेकायच्या आत तिचा पुरवठा तोडायचा. सहा-सात मीटरवरून पडणाऱ्या तारेला खाली यायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. यंत्राला तेवढा पुरतो.

आपल्याकडे हे उद्याच सगळीकडे होईल असे आम्ही म्हणत नाही. यंत्राला खर्च आहे, त्याला जलद संपर्क हवा, आणि हुकूम मिळाल्यावर उघडणारा ब्रेकर शाबूत हवा. शिवाय झोळ पडलेल्या तारा ताणायला, वाकलेला पोल सरळ करायला आणि तारेखाली गार्डिंग बसवायला उपग्रह लागत नाही. ते काम आजच व्हायला हवे, आणि यंत्र येणार आहे म्हणून ते लांबणीवर टाकू नये.

पण विचार सुरू करायला आपला जिल्हा योग्य आहे. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला कृषी वाहिनी योजनेचा ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. दिवसा वीज मिळू लागली, हे चांगलेच झाले. मात्र आता वीज फक्त वरून खाली येते असे धरून चालता येणार नाही. ती गावाकडूनही लाईनवर चढते, आणि ढग आला की क्षणात कमी होते. जुन्या रिलेची बांधणी या दुतर्फा वाहतुकीसाठी नव्हती. अशा सौर फीडरपैकी एखादा लांब, वारंवार तुटणारा फीडर निवडून त्यावर दोन-तीन यंत्रे प्रायोगिक बसवावीत, आणि वर्षभराच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. कोणत्या गाळ्यात तार किती वेळा तुटली याची यादी ग्रामसेवक आणि लाईनमन यांनी मिळून आत्तापासून केली, तर फीडर निवडणे सोपे जाईल.

तोवर पडलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असे समजू नका. काठीने सरकवू नका, जनावरे लांब बांधा, पोरासोरांना अडवा, आणि उपकेंद्राला किंवा १९१२ ला फोन लावून लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिथेच लांब उभे राहा.