‘आमच्या संघाने चांगली कामगिरी केली’

गेल्या पावसाळ्यात केलगेरीतल्या आमच्या घराचं छप्पर पुन्हा गळलं, म्हणून आईने माळ्यावरची ट्रंक खाली काढली. कपड्यांच्या तळाशी मामाचा एक फोटो सापडला. दोन रांगांत मुलं, पुढे मांडी घालून बसलेला गोलकीपर, त्याच्या पायांशी फुटबॉल. फोटोच्या मागे पेनाने फक्त ‘सेमीफायनल’ एवढंच लिहिलेलं. साल नाही, समोरचा संघ कोणता ते नाही, निकाल नाही.

मामाला विचारलं. तो म्हणाला, ‘‘अगं, टायब्रेकरला हरलो आम्ही.’’ त्याच संघातले त्याचे एक मित्र रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटले. ते म्हणाले, ‘‘टायब्रेकर कसला? दोन-एकने हरलो. तुझा मामा विसरला.’’ दोघांचं तिथेच भांडण जुंपलं. मी ठरवलं, हे आपण सोडवू. साहित्याची विद्यार्थिनी आहे, जुने कागद वाचणं हेच तर शिकतेय.

मामाच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्या वर्षाचा वार्षिक अंक मिळाला. कविता चौदा पानं. स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त तीन पानं, त्यात पाहुण्यांना कोणता हार घातला तेही आहे. आणि आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेबद्दल एक ओळ: ‘आमच्या संघाने चांगली कामगिरी केली.’ पूर्णविराम.

या एका ओळीवर माझा राग आहे आणि हा लेख त्या रागाचाच आहे.

आधी ही स्पर्धा काय असते ते थोडक्यात सांगते, कारण आपल्या मंडळातल्या अनेकांनी मैदानाकडे कधी बघितलेलंच नाही. विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांचे संघ एकमेकांशी खेळतात. त्यातून निवडचाचणी होते, शिबिर होतं आणि विद्यापीठाचा एक संघ तयार होतो. त्या मुलांना आपल्याकडे ‘ब्लू’ म्हणतात. हा संघ मग दक्षिण विभागात इतर विद्यापीठांशी खेळतो आणि विभागात वरचं स्थान मिळालं तर अखिल भारतीय स्पर्धेत जातो. तिथे विजेत्याला सर आशुतोष मुखर्जी यांच्या नावाचा चषक मिळतो. मुखर्जी म्हणजे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू, गणितज्ञ आणि न्यायाधीश. ही आंतरविद्यापीठ स्पर्धा स्वातंत्र्याच्या आधीपासूनची आहे. म्हणजे इतिहास लहान नाही.

पण तो नुसत्या विजेत्यांच्या यादीत मावत नाही. आपल्या भागाचंच बघा. धारवाड-बेळगावची कॉलेजं पूर्वी मुंबई विद्यापीठात होती. १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झालं तेसुद्धा मुंबईत, आणि दुसऱ्या वर्षी ते धारवाडला आलं. १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ वेगळं झालं. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ निघालं आणि बेळगाव, विजापूर, बागलकोटची कॉलेजं तिकडे गेली. दर वेळी स्पर्धेचा नकाशा बदलला. बेळगावचा जो मुलगा २००९ साली धारवाडच्या मुलाबरोबर एकाच जर्सीत खेळू शकत होता, त्याचा धाकटा भाऊ दोन वर्षांनी समोरच्या संघात उभा. आणि आमच्या घरावरून जो रस्ता गोव्याला जातो, त्याच्या त्या टोकाची मुलं पश्चिम विभागात, आपण दक्षिण विभागात. तेव्हा १९७५ चा ‘विद्यापीठ विजेता’ आणि २०१५ चा ‘विद्यापीठ विजेता’ हे शब्द एकच असले तरी त्यांनी हरवलेल्या कॉलेजांची संख्या आणि अंतरं सारखी नाहीत. ढालीवर कोरलेल्या नावांवरून हे कळत नाही. कुणीतरी लिहून ठेवलं तरच कळतं.

लिहिलं की काय होतं याचं उदाहरण देते. २९ जुलै १९११ ला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा, दीड-दोन हजार किलोमीटरवरचा हा सामना मी केलगेरीत बसून सांगू शकते. गोव्यात १८८३ साली शिवोलीला फादर विल्यम लायन्स यांनी फुटबॉल आणला, हे आमच्या चर्चमधल्या पोरांनाही पाठ आहे. पण माझ्या सख्ख्या मामाची सेमीफायनल, जिचे दोन साक्षीदार रोज सकाळी एकाच टपरीवर चहा पितात, ती मला सांगता येत नाही.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, ही हौस झाली. नाही. मामाची पुढची गोष्ट ऐका.

मामा विद्यापीठाच्या संघात निवडला गेला, दक्षिण विभागात खेळला. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेल्यांना सरकारी नोकरीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता येतो. हुबळीसारख्या रेल्वेच्या गावाशेजारी वाढलेल्या मुलासाठी त्या कागदाची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको. मामाचं प्रमाणपत्र असंच एका पावसाळ्यात भिजलं. शाईच गेली. दुसरी प्रत मागायला तो एका कार्यालयात गेला. ‘खेळलात याचा पुरावा आणा,’ म्हणाले. पुरावा त्यांच्याच रजिस्टरमध्ये असायला हवा होता आणि त्या वर्षाचं रजिस्टर सापडत नव्हतं. चार-पाच चकरा झाल्या. तेवढ्यात वय उलटून गेलं. मामा आता टेम्पो चालवतो. तो कुणाला बोल लावत नाही. पण मला राहून राहून वाटतं, त्या वार्षिक अंकात अकरा नावं छापलेली असती तर? चौदा पानांतली एक कविता कमी करून?

म्हणून मी फक्त त्या कार्यालयाला दोष देऊन मोकळी होणार नाही. अंक काढणारे आपणच होतो, साहित्यवाले. मैदानावर काय झालं ते लिहिणं आपल्याला आपलं काम वाटलं नाही. जिंकले तर ‘नेत्रदीपक यश’, हरले तर ‘चांगली कामगिरी’. असली वाक्यं निबंधात कुणी लिहिली तर आपले सर लाल रेघ मारतात.

काहीजण म्हणतील, आता सगळं मोबाईलवर असतं. असतं, चोवीस तास! स्टेटस गेलं की सामना गेला. फोन बदलला की फोटो गेले. गेल्या वर्षी आपल्या मुलांनी किती गोलने सामना गमावला, हे मी वर्गात विचारून बघितलं. तीन जणांनी तीन आकडे सांगितले. मामा आणि त्याच्या मित्राला तरी मधे गेलेल्या इतक्या वर्षांची सबब आहे.

आणखी एक आक्षेप: आपला संघ जिंकतच नाही, मग इतिहास कसला? बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सोडून सगळे हरतातच. फक्त जिंकणाऱ्याचं लिहायचं ठरवलं तर स्पर्धेत खेळलेल्या बहुतेक मुलांना इतिहासच उरणार नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या मंडळाने यंदापासून प्रत्येक सामन्याचं एक पान लिहावं. तारीख, मैदान, दोन्ही संघांची पूर्ण नावं, बदली खेळाडूसुद्धा, गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला, पाऊस होता का. मुलींच्या संघाचंही त्याच मापाने. छापील प्रत ग्रंथालयात ठेवावी. आणि जुन्या खेळाडूंशी बोलून आठवणी उतरवून घ्याव्यात. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्यात.

सुरुवात मी केली आहे. ऑगस्टमधल्या सराव सामन्याचं पान लिहिलं आणि नोटीस बोर्डवर लावलं. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गातला एक बॅक मला शोधत आला. ‘‘तू लिहिलंस तो गोल त्यांच्या फॉरवर्डने नाही मारला. माझ्याच पायाला लागून आत गेला.’’ मी म्हटलं, ‘‘मग राहू दे ना, तुझंच नाव वाचलं.’’ तो म्हणाला, ‘‘नको. जे झालं ते लिही.’’

मी खोडून दुरुस्त केलं. मामाला ते पान दाखवलं, तेव्हा त्याने आधी अकरा नावं बोट ठेवून वाचली. मग विचारलं, ‘‘याची झेरॉक्स काढून ठेवलीस ना?’’