वजिराच्या बदल्यात वजीर

बुद्धिबळात वजिराची किंमत सुमारे ९ प्याद्यांइतकी धरली जाते. आपला वजीर देऊन समोरचा घेतला, तर जमेच्या आणि नावेच्या बाजूस सारखाच आकडा पडतो. हिशेब चोख जुळतो. तरीही त्यानंतर एका खेळाडूचा डाव हलका होतो आणि दुसऱ्याचा अवघडतो. (या व्यवहाराला 'मारामारी' म्हणण्याची रूढी आहे. 'अदलाबदल' हा शब्द अधिक अचूक, आणि अहिंसेचे संस्कार असलेल्या घरात अधिक शोभणाराही.)

सन २००० मध्ये लंडन येथे गॅरी कास्पारॉव्ह आणि व्लादिमिर क्रॅमनिक यांच्यात १६ डावांची जगज्जेतेपदाची लढत ठरली. कास्पारॉव्ह १९८५ पासून जगज्जेता होता आणि वजिराच्या बळावर चढवलेला हल्ला ही त्याची खरी पुंजी. काळी मोहरी घेतलेल्या क्रॅमनिकने पहिल्याच डावात 'बर्लिन बचाव' मांडला. त्यात आठव्या खेळीला दोन्ही वजीर पटाबाहेर गेले.

वरवर पाहता हा व्यवहार काळ्याच्या तोट्याचा होता. पांढऱ्याचा वजीर काळ्या राजालाच घ्यावा लागला, त्यामुळे किल्लेकोटाचा हक्क गेला. शिवाय काळ्याची दोन प्यादी एकाच उभ्या रांगेत एकामागे एक अडकली होती. परंतु मधल्या घरात उघडा पडलेला राजा धोक्यात येतो, तो मुख्यतः समोर वजीर असतो म्हणून. वजीरच नाहीत, तर त्या राजाला भय फारसे उरत नाही. क्रॅमनिकने थोडी घट सोसली आणि प्रतिस्पर्ध्याचे भांडवलच बाजारातून उठवले.

पण खरा विवेक यापुढचा आहे. वजीर गेले म्हणून काळ्याने उरलेली मोहरीही भराभर बदलत जावी, असे मुळीच नाही. पांढऱ्याकडे राजाच्या बाजूला तिनांविरुद्ध ४ प्यादी असतात. त्यांतून एक प्यादे मोकळे काढून पुढे नेता येते. दुसऱ्या बाजूला काळ्याची चार असतात खरी, पण त्यांतली दोन एकामागे एक असल्याने तिथून मोकळे प्यादे निघणे कठीण. सारी मोहरी संपली, तर पांढऱ्याचे पारडे जड. म्हणून काळा आपली उंटांची जोडी जपतो आणि वाट अडवून धरतो. पहिली अदलाबदल पथ्याची, पुढच्या बऱ्याचशा कुपथ्याच्या.

त्या लढतीत क्रॅमनिकने हा बचाव चार डावांत वापरला. चारही बरोबरीत सुटले. कास्पारॉव्हला संपूर्ण लढतीत एकही डाव जिंकता आला नाही आणि पंधराव्या डावाअखेर ८.५ विरुद्ध ६.५ गुणांनी जगज्जेतेपद क्रॅमनिककडे गेले.

घरच्या पटावर मुले याबाबत दोन टोकांना जातात. एखादे मूल एक हत्ती वर असूनही लाडका वजीर सोडत नाही. वास्तविक हरणाऱ्याला वाचवणारी शेवटची आशा बहुधा वजीरच असतो. सततचा शह देत तो बरोबरी उकळतो. पुढे असलेल्याने ती आशा लवकर काढून घ्यावी. दुसरे मूल रंगात आलेला हल्ला केवळ भीतीपोटी वजीर बदलून विझवते. जागेची कोंडी झाली असेल, तर मात्र अदलाबदलीने श्वास मोकळा होतो. घेणाऱ्या मोहऱ्याकडेही लक्ष असावे: परत घेताना समोरचा हत्ती आयता मोकळ्या रांगेत येत असेल, तर त्या सौद्यात त्याला वरकड फुकट मिळाले.

सायंभोजन लवकर आटोपलेल्या घरांत पावसाळ्याची संध्याकाळ मोठी असते. पटावर दोन राजे आणि फक्त प्यादी मांडावीत. पांढरा राजा किल्लेकोटातल्या घरी, काळा राजा वजिराच्या मूळ घरी. पांढऱ्याची वजिरासमोरची आणि काळ्याची राजासमोरची रांग प्याद्याविना. पांढऱ्याचे राजासमोरचे प्यादे पाचव्या ओळीत, आणि काळ्याचे वजिरासमोरचे प्यादे शेजारच्या, वजिराकडील उंटाच्या रांगेत, तिथल्या प्याद्याच्या एक घर पुढे. बाकीची सर्व मूळ जागी. एकदा पांढऱ्याकडून आणि एकदा काळ्याकडून, असे दोन्ही बाजूंनी खेळून पाहावे. मग प्रत्येकाला एक हत्ती द्यावा, आणि पुन्हा मांडावे.