चढावरचा तवक्कल

बकरी ईदनंतरच्या रविवारी पवईतून लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांत आमचीही एक होती. तिथे एका डोंगरउतारावर एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची चारचाकी बाइक, भाड्याने मिळत होती. मालकाने दुल्हाभाईंच्या हाती हँडल दिलं, एका भाच्याला पुढे बसवलं, दुसऱ्याला मागे. हेल्मेट एकच, त्याचाही पट्टा तुटलेला. मी मुलांना खाली उतरवलं. आपा चिडली, "एवढं काय घाबरायचं? अल्ला मालिक है!" घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

चार चाकं आहेत म्हणजे गाडी उलटणार नाही, हा समजच घातक आहे. ही गाडी अरुंद आणि उंच असते. वजन दोन-तीनशे किलो. ती तोल राखते चालवणाऱ्याच्या शरीरावर. आमच्या पवईत फुलेनगरच्या चढावर गॅसचा सिलेंडर खांद्यावर नेणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. चढताना तो पुढे झुकतो, उतरताना मागे रेलतो. एटीव्हीवरही तसंच करायचं, आणि आडवं जावंच लागलं तर अंग डोंगराच्या बाजूला टाकायचं. पण मागे कुणी बसलं की चालवणाऱ्याला सरकायला जागाच उरत नाही. वजन मागे जातं, चढावर पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी अंगावर येते. एकट्यासाठी बनवलेल्या गाडीवर दुसरा माणूस बसवू नये, सोळा वर्षांखालच्या मुलांच्या हाती मोठी गाडी देऊ नये, असं बनवणारेच सांगतात.

बाकीचे नियमही सोपे आहेत. चढ सरळ चढावा, सरळ उतरावा. मध्येच गाडी वळवू नये. उतरताना गिअर खालचा ठेवावा, ब्रेक हळूहळू दाबावा. चढावर इंजिन बंद पडलं तर गाडी मागे घरंगळू देऊ नये. ब्रेक धरून ठेवावा आणि डोंगराच्या बाजूला उतरावं. बुरखा किंवा ओढणी सैल सोडू नये, उघड्या चाकात ती अडकायला क्षण पुरतो.

ऑस्ट्रेलियात शेतावर अशा गाड्यांखाली सापडून माणसं मरत राहिली. तेव्हा तिथल्या सरकारने नशिबाला दोष दिला नाही. 11 ऑक्टोबर 2021पासून तिथे शेतीकामाच्या प्रत्येक नव्या क्वाड बाइकला, गाडी उलटल्यास चालवणारा चिरडू नये यासाठी संरक्षक चौकट सक्तीची झाली. बाजूला किती अंश कलेपर्यंत गाडीने टिकलं पाहिजे, तेही ठरवून दिलं. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. पण पैसे देण्याआधी नोंदणीचा कागद आपल्यापैकी कितीजण मागतात? आपण फक्त "किती फेऱ्या?" एवढंच विचारतो. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून मालकही तीन माणसं कोंबतो.

आपाच्या वाक्यात श्रद्धा आहे, हे मला मान्य आहे. पण उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तवक्कल बांधल्यानंतर सुरू होतो. तुटलेल्या पट्ट्याचं हेल्मेट चालवून घ्यायचं आणि पोर जखमी झालं की "अल्लाहची मर्जी" म्हणायचं, यात श्रद्धा कमी आणि पळवाट जास्त आहे. शिवाय त्यामुळे मालकाला जाब विचारायचाही राहून जातो.

भाचे अजून विचारतात, मामू, परत कधी जायचं? जाऊ या. नोंदणी असलेल्या ठिकाणी, सपाट मैदानावर, त्यांच्या मापाच्या छोट्या गाड्यांवर. एका गाडीवर एकजण, डोक्यावर हेल्मेट, पट्टा घट्ट. मग आपाने खुशाल दुआ करावी, मीही आमीन म्हणेन.