दस्त्याखालची पिशवी

बंदुकीचा विषय ह्या पृष्ठांवर पाहून आमच्या कित्येक वाचकभगिनींच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. मुलांचा अभ्यास, वृद्धांचें पथ्य, घरखर्चाची तोंडमिळवणी ह्यांविषयीं लिहिणाऱ्या सदरांत नळी, चाप आणि छरे कशास, असें कोणी विचारील. परंतु काळ बदलला आहे. २०१० सालीं कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ह्यांनीं म्युनिक येथें पडून मारावयाच्या ५० मीटर रायफल-स्पर्धेंत जगज्जेतेपद मिळविलें. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्यांनीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें गुडघ्यावर, पडून व उभ्यानें अशा तीन आसनांच्या स्पर्धेंत कांस्यपदक आणलें. अशा वार्ता घरीं येतात, तेव्हां त्यांच्यामागून मुलांचे हट्टही येतात. आमच्या जालन्यासारख्या, मोसंबी आणि बी-बियाणें ह्यांसाठीं ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतही छऱ्याच्या बंदुकीचा सराव करणारीं मुलें-मुली आतां दिसूं लागलीं आहेत. तेव्हां ह्या विद्येंतील एका लहानशा परंतु दुर्लक्षित वस्तूचा विचार घरांतील वडीलधाऱ्यांनीं करून ठेवणें इष्ट आहे. ती वस्तु म्हणजे बंदुकीच्या दस्त्याखालीं ठेवावयाचा मागचा आधार.

नेमबाजीच्या दोन जाती आहेत. ऑलिंपिकमधील रायफल-नेमबाजींत बंदुकीस मेजाचा वा पिशवीचा टेकू चालत नाहीं. गुडघ्यावर बसतांना पावलाखालीं एक मऊ वळकटी तेवढी घेतां येते, आणि तिचीही लांबी २५ सेंटिमीटर व व्यास १८ सेंटिमीटर ह्यांपलीकडे जातां कामा नये. दुसरी जात बेंचरेस्ट नांवाची. तींत बंदुकीचा पुढचा भाग एका टेकूवर व दस्ता दुसऱ्या टेकूवर ठेवून, मेजाशीं बसून नेम धरतात. टेकूची कल्पना नवी नव्हे. मराठी अमदानींत जेजाला नांवाची लांब, जड बंदूक तटावर टेकवूनच डागीत. मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत ह्या प्रकारास शास्त्राचें रूप आलें, आणि आतां हवाई बंदुकीच्या २५ मीटरांवरील व पॉइंट टू-टू रायफलच्या ५० मीटरांवरील बेंचरेस्ट-स्पर्धा जगांत होतात. एका कागदावर २५ लक्ष्यें, प्रत्येकास १० गुण, एकूण २५०, अशी त्यांची मोजणी असते.

आतां प्रश्न असा कीं, ज्या मुलास स्पर्धेंत उभें राहून विनाआधार नेम धरावयाचा आहे, त्यास ह्या टेकूचें काय काम? श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याही कार्याचीं पांच कारणें सांगितलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. नेमबाजीस हीं पांचही जशींच्या तशीं लागू पडतात. ज्यावर बंदूक स्थिर राहते तें अधिष्ठान. नेमबाज हा कर्ता. बंदूक व छरे हें करण. श्वास रोखणें, चाप ओढणें ही चेष्टा. आणि मैदानावरचा वारा हें दैव. छरा चुकला म्हणजे ह्या पांचांपैकीं दोष कोणाचा, हें कागदावरील भोंक पाहून कळत नाहीं. घरांत मात्र निकाल त्वरित लागतो. मुलाचें लक्ष नाहीं, असें वडील म्हणतात. मला जमत नाहीं, असें मूल म्हणतें. आणि करणाची चौकशी कोणी करीतच नाहीं. आम्हीं पुष्कळ वर्षें शाळेंत घालविलीं, आणि नापास मुलाच्या घरीं रात्रीं दिवा असतो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून त्यास बोल लावूं नये, एवढें तेथें शिकलों. टेकूवर बंदूक ठेवून मारणें ही तशीच दिव्याची चौकशी आहे. अधिष्ठान निर्दोष केलें म्हणजे कर्त्याचा कंप बाजूस राहतो, आणि बंदूक व छरे ह्यांचें खरें स्वरूप कागदावर उमटतें.

बहुतेक लोक पुढच्या टेकूवर पैसा खर्च करितात आणि मागें हाताला येईल तें कोंबतात. ह्यांत किती घोटाळा होतो हें त्रैराशिकानें दाखवूं. पुढचा टेकू व मागचा आधार ह्यांत ६० सेंटिमीटर अंतर आहे असें धरा. नेम धरल्यानंतर व छरा सुटण्यापूर्वीं दस्ता एका कागदाच्या जाडीइतका, म्हणजे एक-दशांश मिलिमीटर, खालीं बसला, तर नळीचें तोंड वर जाऊन १० मीटरांवर सुमारें १.७ मिलिमीटरांचा आणि ५० मीटरांवर सुमारें ८.३ मिलिमीटरांचा फरक पडतो. १० मीटरांच्या लक्ष्याचा मध्यबिंदु अवघा अर्ध्या मिलिमीटराचा असतो. ५० मीटरांच्या लक्ष्यांतील दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. म्हणजे कागदाच्या जाडीनें सबंध निकाल फिरतो! पुढचा टेकू कितीही भारी असो, मागचा ढिला असेल तर तो खर्च व्यर्थ आहे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत चौदा वर्षांच्या नातीच्या बंदुकीवरून हाच विचार निघाला होता. मुलीचे गुण दोन महिने घसरत होते, आणि खर्च थांबवावा असें तिच्या वडिलांच्या मनांत येऊं लागलें होतें. टेकूवर परीक्षा पाहावी असें ठरलें तेव्हां आजींनीं बैठकींतला लोड पुढें केला. काकांनीं ज्वारी भरलेली पिशवी सुचविली. वडीलबंधूंनीं मळसूत्रानें वरखालीं होणारा लोखंडी पाय मागवावा असें म्हटलें. तिघांचेंही म्हणणें तपासण्यासारखें आहे, कारण प्रत्येक घरांत हींच तीन मतें निघावयाचीं.

लोड कापसाचा. कापूस दाबला कीं दबतो, आणि सोडला कीं हळूं हळूं फुगतो. नेम धरून पांच पळें थांबावें तों लक्ष्य आपोआप सरकलेलें दिसतें. ज्वारीची पिशवी पुष्कळ बरी. दाणे एकमेकांत बसतात व हवा तो आकार घेतात. परंतु धान्यास वजन थोडें, दाणा गोल म्हणून घसरता, पावसाळ्यांत ओल धरणारा, आणि दिवाळीपर्यंत किडीचें घर. शिवाय पोटाचें अन्न बंदुकीखालीं घालणें आजींसही रुचलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. लोखंडी पायाचा गुण असा कीं, मळसूत्रानें उंची केसभर बदलतां येते. दोष असा कीं, कठीण वस्तूवर कठीण वस्तु टेकली म्हणजे धक्का शोषला जात नाहीं, बंदूक उसळते, आणि एकाच पायावर असल्यानें डाव्या-उजव्या बाजूस डुलते.

राहिली वाळूची पिशवी, आणि जगांतील बेंचरेस्ट-नेमबाज बहुतांशीं तीच वापरतात. तिचें बूड रुंद व सपाट असतें आणि वर सशाच्या कानांसारखे दोन उभार असतात. त्यांमधील खांचेंत दस्त्याची खालची कड बसते. वाळूचे कण एकमेकांत अडकून राहतात, धक्का गिळतात आणि परत फुगत नाहींत. वजनामुळें पिशवी जागची हलत नाहीं. साधी गारगोटीची वाळू पाण्याच्या सुमारें २.६५ पट जड असते. परदेशीं कित्येक जण याहून जड अशी झिरकॉनची वाळू वापरतात. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतील इल्मेनाइट हें खनिजही पाण्याच्या पावणेपांच पटींच्या आसपास जड आहे. परंतु घरच्या कामास इतक्या थाटाची आवश्यकता नाहीं. बांधकामाची उरलेली मूठभर बारीक वाळू पुरे. ती पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी, जालन्याच्या वैशाखांतील उन्हांत दोन दिवस वाळवावी आणि बारीक चाळणीनें चाळावी. चाळणी मात्र स्वयंपाकघरांतली मागूं नये. ओली वाळू गोळे धरते व शिवण कुजविते. पिशवी जाड कॅनव्हासची दुहेरी शिवून घ्यावी, आणि कानांना गुळगुळीत चामडें वा तसेंच घसरतें कापड लावावें, म्हणजे दस्ता अडखळत नाहीं. त्यावर थोडी टाल्कम पावडर चोळण्याचा प्रघात आहे.

भरणें हीच खरी कला. पिशवी ढिली राहिली तर प्रत्येक बारास खचते. दगडासारखी ठासली तर लोखंडी पायाचेच दोष तिला येतात. पिकूं लागलेल्या आंब्यावर अंगठा टेकविला असतां जेवढा दबावा तेवढी ती दबावी. अमेरिकेंतील स्पर्धांच्या नियमांतही पिशवी बोटांनीं दबली पाहिजे अशी अट आढळते. पुढचा व मागचा टेकू एकसंध असावा कीं वेगळा, ह्याविषयीं निरनिराळ्या संस्थांचे व गटांचे नियम भिन्न आहेत. म्हणून ज्यास स्पर्धेंत उतरावयाचें आहे त्यानें आधीं नियमपुस्तक वाचावें आणि मग दुकानाची पायरी चढावी.

पिशवी चांगली कीं वाईट, हें तीन परीक्षांनीं कळतें. पहिली : बंदूक रिकामी आहे ही खात्री करून ती टेकूवर ठेवावी, नेम बिंदूवर आणावा आणि हात काढून घ्यावा, मनांत वीस मोजेपर्यंत नेम हलतां कामा नये. दुसरी : बंदूक दोन बोटें मागें ओढून पुन्हां पुढें सारावी, नेम डावीकडे-उजवीकडे न भटकतां पूर्वस्थानीं यावा. भटकत असेल तर दोन्ही कान सारखे भरलेले नाहींत, किंवा दस्त्याची पट्टा अडकविण्याची कडी पिशवींत रुतते आहे. तिसरी : मेजावर हलकेंच टिचकी मारून पाहावी. नेम थरथरला तर दोष पिशवीचा नव्हे, मेजाचा. डुगडुगत्या मेजावर सोन्याचा टेकूही निरुपयोगी.

एक अपवाद सांगणें अवश्य आहे. पुष्कळ घरीं नळी वांकवून भरावयाची स्प्रिंगची हवाई बंदूक असते. तींत जड दट्ट्या वेगानें पुढें धांवतो, आणि छरा नळींत असतांनाच बंदूक आधीं मागें व मग पुढें हिसका घेते. अशी बंदूक कठीण टेकूवर आवळून धरल्यास भलतीकडेच मारते. तिला पुढें उघड्या तळहाताची गादी द्यावी, मागें पिशवी मऊ ठेवावी, आणि तिला मोकळेपणानें हलूं द्यावें. हवेच्या टाकीवर चालणाऱ्या बंदुकीस हा हिसका जवळ जवळ नसतो.

कायद्याविषयीं थोडेंसें. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ०.१७७ इंचांहून मोठा व्यास नसलेल्या आणि २० जूलपेक्षां अधिक जोर नसलेल्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाहीं. पॉइंट टू-टू रायफलीस मात्र लागतो. परवाना नसला तरी सावधगिरी हवीच. सराव शिक्षकाच्या देखरेखीखालीं मैदानावरच करावा. डोळ्यांस चष्मा असावा. आणि छरे शिशाचे असल्यामुळें हात धुतल्यावांचून खाऊस हात लावूं नये.

त्या घरांतील परीक्षेचा निकाल सांगावयाचा राहिला. शिंप्याकडून पिशवी शिवून आणली, आणि मैदानावर मेज भक्कम करून तीन डब्यांतील छरे प्रत्येकीं पांच पांच मारून पाहिले. छऱ्यांचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असा शतांशानें भिन्न असतो, आणि प्रत्येक नळीची आवड निराळी असते. मुलगी जे छरे दोन महिने वापरीत होती ते रुपयाच्या नाण्याखालीं मावेनात; दुसऱ्या डब्यांतील पांचही सदऱ्याच्या गुंडीखालीं मावले. मुलीचा सर्व दोष नाहींसा झाला असें मात्र नव्हे. योग्य छरे घेऊन ती उभी राहिली तेव्हांही कांहीं छरे बाहेर गेलेच. परंतु आतां ते तिचे होते, आणि आपले म्हणून ते सुधारावयास ती लागली. वडिलांनींही खर्च थांबविण्याची गोष्ट पुन्हां काढली नाहीं.

पिशवीचें काम एवढेंच. ती नेम धरून देत नाहीं, चाप ओढीत नाहीं. आपल्या हालचालीनें मुलाच्या यशापयशांत ढवळाढवळ न करणें, हा तिचा सर्वांत मोठा गुण. मोठ्या कुटुंबांत मुलांच्या मागें बसणाऱ्या आम्हां वृद्धांनींही तो घेण्यासारखा आहे. परीक्षा आटोपली कीं पिशवी फळीवर कोरड्या जागीं ठेवावी, आणि मुलास आपल्या पायांवर उभें राहून नेम धरूं द्यावा.