पंक्तींतील एक पान

मुलगा शिक्षणार्थ परदेशीं निघाला म्हणजे वडील मंडळी शुल्क, ऊबदार कपडे व मेतकूट यांची चिंता वाहतात. सणाच्या दिवशीं तो कोणाच्या घरीं जेवेल, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

सौ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं पतीवांचून अमेरिकेस गेल्या, तेव्हां रोसेल येथील कार्पेंटर बाईंनीं त्यांस आपल्या घरांत घेतलें. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाईंस वैद्यकीची पदवी मिळाली. पुढल्याच वर्षीं त्या पुण्यास निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंनीं पोकीप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली. परक्या घरानें याहून अधिक आपलेपण तें काय दाखवावें?

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतही येमेनसारख्या दूरच्या देशांतून विद्यार्थी येतात. त्यांपैकीं एक आमच्या शेजारीं भाड्याच्या खोलींत राहतो. गेल्या दिवाळींत तो चारही दिवस एकटाच होता. आम्ही पाहिलें, पण फराळास बोलाविलें नाहीं. पुढें नाताळांत जर्मनीहून नातवाचा निरोप आला: मित्राच्या आईनें त्यास गांवीं नेऊन त्याच्यासाठीं निराळा शाकाहारी स्वयंपाक केला होता. तो ऐकून घरांतील मंडळी हर्षलीं. आम्ही मात्र मनांत ओशाळलों.

फाल्गुनांत नाथषष्ठीच्या उत्सवास त्या शेजाऱ्यास आम्ही पैठणास नेलें. काल्याच्या प्रसादासाठीं त्यानें आमच्यासारखीच ओंजळ पुढें केली. वाचकांनीं येत्या सणास आपल्या पंक्तींत एक पान अधिक मांडावें, एवढीच विनंति.