एका गुणाचे सिलोन

लोह्यात, कंधारात, नांदेड-लातुरात कुठल्याही अभ्यासिकेत जा आणि पोलीस भरतीचे नाहीतर तलाठी भरतीचे गाईड उघडा. सामान्य ज्ञानाच्या पानांत एक तक्ता हमखास सापडतो. डाव्या रकान्यात देशाचे जुने नाव, उजव्या रकान्यात नवे. पर्शियाचे इराण, सयामचे थायलंड, बर्माचे म्यानमार, सिलोनचे श्रीलंका. पाठ करायचे, गुण पदरात पाडून घ्यायचा, पान उलटायचे. पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. जागा मूठभर आणि अर्ज ढिगाने, तिथे एका गुणावर वर्ष फुकट जाते. पण हा तक्ता मांडणाऱ्याने रकाने उलटे भरलेत, त्याचे काय?

लंका हे नाव नवे? शाळेचे तोंड न पाहिलेली आपली आजीसुद्धा अंगावर दागिना नसलेल्या बाईला 'लंकेची पार्वती' म्हणत आली. दुसऱ्याच्या श्रीमंतीचा आपल्याला काय उपयोग, हे सांगायला 'लंकेत सोन्याच्या विटा' ही म्हण तिच्या जिभेवर असायची. (रामायणातली लंका ती हीच का, याची भांडणे पंडितांनी करावीत.) खुद्द बेटावरही सिंहली माणूस लंका आणि तमिळ माणूस इलंगै म्हणत होता. 1505 मध्ये पोर्तुगीज तिथे पोचले, त्यांनी आपल्या उच्चाराने एक नाव रूढ केले, डचांनी ते चालवले आणि इंग्रजांनी त्याचे सिलोन करून नकाशावर पक्के केले. 4 फेब्रुवारी 1948 ला देश स्वतंत्र झाला तरी पाटी तीच राहिली. मधल्या काळात, 1951 मध्ये, बंदरनायके यांनी पक्ष काढला तो मात्र 'श्रीलंका' या नावाने. पुढे त्यांच्या पत्नी सिरिमावो पंतप्रधान असताना 22 मे 1972 ला नवे संविधान आले आणि देशाच्या नावातून सिलोन गेले. म्हणजे तक्त्यातले 'नवे' हेच मुळात जुने, आणि 'जुने' हे मधे येऊन बसलेले.

आपल्याकडे मात्र ही बातमी कोणाच्या कानावर टिकली असेल असे वाटत नाही. त्याच वर्षी पावसाने दगा दिला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मराठवाड्याला समुद्रापलीकडच्या नामांतराचे काय पडले होते? शिवाय आपल्या लेखी सिलोन हा देश नव्हताच, ते रेडिओवरचे स्टेशन होते. तिकडे आपल्याला धाडले तेही एका मराठी माणसाने. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर शास्त्रीय संगीताचे कट्टर कैवारी. 1952 नंतर त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केले, आणि अख्ख्या हिंदुस्थानाने रेडिओची सुई कोलंबोकडे वळवली. बुधवारची रात्र अमीन सयानींची झाली. 1957 मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीने चूक निस्तरली, तोवर सिलोन घराघरात मुरले होते. बहात्तरनंतर निवेदक 'श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन' असे शुद्ध उच्चारात सांगत राहिले आणि ऐकणारे 'सिलोन लाव' म्हणत राहिले. या जुन्या श्रोत्यांशी आमचे भांडण नाही. त्यांच्या सिलोनमध्ये साहेब कुठेच नव्हता, मुकेश आणि लता होते.

बेटावरच्या सरकारलाही हे नाव पुरते सोडवले नाही. चहाच्या खोक्यावर सिंहाच्या शिक्क्याखाली आजही सिलोनच छापतात, कारण जगाच्या बाजारात त्या नावाला भाव आहे. 2011 च्या सुरुवातीला सरकारी संस्थांच्या नावांतूनही सिलोन काढायचे ठरले. पण 2022 मध्ये देशाचे दिवाळे वाजले, लोक पेट्रोलसाठी रात्रंदिवस रांगेत उभे राहिले, तेव्हा पेट्रोल संपलेले महामंडळ 'सिलोन पेट्रोलियम' होते आणि अंधार करणारे वीज मंडळ 'सिलोन इलेक्ट्रिसिटी बोर्ड'. बदलायच्या पाट्यांपेक्षा भरायची बिले मोठी निघाली.

यापेक्षा गंभीर गोष्ट त्या बहात्तरच्या संविधानातच आहे. त्याने परक्याचे नाव पुसले, ते उत्तमच. पण त्याच कागदाने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले, सिंहली हीच राजभाषा हे संविधानात कोरले आणि अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे आधीचे कलम गाळले. तमिळांच्या फेडरल पक्षाने संविधानसभेवर आधीच बहिष्कार टाकला होता. देशाला आपले नाव परत मिळाले आणि देशातल्याच काही लाखांना आपण या घरचे नाही असे कळले. 1983 ते 2009 असे 26 वर्षांचे युद्ध काही एका नावामुळे झाले नाही, पण त्या नावाबरोबर काय काय बांधून आले हे तक्ता सांगत नाही.

मराठवाड्याला तरी हे वेगळे सांगायला नको. निजामी अमदानीतले मोमिनाबाद पुन्हा अंबाजोगाई झाले, 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. ही नावेही त्याच तक्त्यात सरळ रांगेत बसवली जातात. त्याच रांगेत विद्यापीठही बसते. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे त्यात मारले गेले. ठरावाचा कागद पाटीवर उतरायला 14 जानेवारी 1994 उजाडली, तीही नामांतर म्हणून नव्हे, नामविस्तार म्हणून. परीक्षेत विचारतात ती तारीख. मधली साडेपंधरा वर्षे कोणी विचारत नाही. जुन्या-नव्याच्या दोन रकान्यांत ती मावणारही नाहीत.

गाईड छापणारे दरवर्षी 'सुधारित आवृत्ती' म्हणून किंमत वाढवतातच. येत्या आवृत्तीत आणखी एक रकाना घालावा: नाव कोणी ठेवले आणि बदलताना कोणाला विचारले. कागद थोडा जास्त लागेल. तो खर्च पोरांच्या खिशातून तुम्ही काढालच.