पेशीतले भंगारखाते

अंबरनाथ एमआयडीसीत ज्यांच्या घरचे कामाला आहेत, त्यांना भंगार म्हणजे काय हे सांगायला नको. बाद माल वेळेवर उचलला नाही, तर चालू काम अडते. आपल्या शरीरातल्या पेशींचेही तसेच आहे.

पेशीत बिघडलेल्या किंवा काम संपलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची खूण लागते. या खुणेचे काम उलगडणाऱ्या सिकानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खूण लागलेले प्रथिन प्रोटिएसोम या पिंपासारख्या यंत्राकडे जाते. पिंपाचे तोंड अरुंद, घडी घातलेले प्रथिन आत मावत नाही. म्हणून तोंडाशी असलेले सहा भागांचे कडे ऊर्जा खर्चून ती घडी उलगडते आणि दोऱ्यासारखे प्रथिन आत ओढते. आत त्याचे तुकडे होतात. त्यांतली अमिनो आम्ले नव्या प्रथिनांसाठी पुन्हा वापरली जातात.

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमधल्या पेशी भरमसाट प्रथिने बनवतात, म्हणून त्यांचे भंगारही मोठे. बोर्टेझोमिब हे औषध नेमके हेच यंत्र अडवते. मग बाद प्रथिने साचून त्या पेशी मरतात. अमेरिकेत त्याला २००३ मध्ये मान्यता मिळाली. आज ते आपल्याकडेही देतात. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये प्रोटिएसोमवर संशोधन झाले आहे.

अब्बांची किंवा नानींची पाठ, हाडे सतत दुखत असतील, अंगात रक्त कमी भरत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. असे प्रत्येक दुखणे मायलोमाचे नसते. पण असेल आणि उशीर झाला, तर मूत्रपिंडांनाही इजा होते. डॉक्टरांना दाखवा, रक्त-लघवी तपासून घ्या.